जुन्या एसयूव्हीचे ब्रेक घरी बदलताना: आधी उघडा, मोजा, मग खरेदी करा

ब्रेक वाजायला लागले की बहुतेकांचा क्रम ठरलेला असतो. दुकानातून पॅडचा सेट आणायचा, चाक काढायचं, जुने पॅड काढून नवे बसवायचे आणि गाडी रस्त्यावर. दोन-तीन महिन्यांत गाडी ब्रेक मारताना पुन्हा एका बाजूला ओढायला लागते आणि नवे पॅड एकीकडून जास्त झिजलेले निघतात. दोष पॅडचा नसतो. कॅलिपरच्या, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या, सरकत्या पिना जाम होत्या, मागचे लायनर (ड्रमला आतून घासणारे थर) ड्रमला टेकतच नव्हते आणि सगळा भार पुढच्या चाकांवर पडत होता. यातलं काहीच कुणी पाहिलं नव्हतं.

म्हणून या लेखातला क्रम उलटा आहे. एका सुट्टीला फक्त उघडून तपासायचं, मोजायचं आणि परत बंद करायचं. मधल्या आठवड्यात लागेल तेवढंच सामान आणायचं. पुढच्या सुट्टीला काम करायचं. पैसे खरोखर वाचतात ते इथेच. अंदाजाने आणलेलं सामान पडून राहतं आणि ज्याची गरज होती ते राहून जातं.

इथली माहिती पुढे डिस्क आणि मागे ड्रम असलेल्या जुन्या बोलेरो, स्कॉर्पिओ, सुमो या वर्गातल्या गाड्यांसाठी आहे. बोल्ट किती जोराने आवळायचे (टॉर्क), कमीत कमी जाडी, हँडब्रेक ओढताना किती खटके वाजावेत यांचे नेमके आकडे मॉडेलप्रमाणे बदलतात. ते तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घ्या.

## आधी ठरवा: हे काम घरी करायचं का?

इंजिन चालू ठेवून पेडल हलकेच दाबून धरा. ते सावकाश खाली खाली जात असेल आणि बाहेर कुठेही गळती दिसत नसेल, तर मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडल दाबल्यावर ब्रेक ऑइलला दाब देणारा मुख्य सिलिंडर, आतून निकामी झालेला असू शकतो. ब्रेकची लोखंडी नळी गंजून सोललेली दिसत असेल, एबीएसचा (ब्रेक मारताना चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा पेटलेला राहत असेल, किंवा गाडी आत्ताच नीट थांबत नसेल, तर यातलं काहीही घरी करू नका. अशी गाडी चालवत गॅरेजपर्यंतही नेऊ नये, मिस्त्रीला घरी बोलवावं. पॅड, लायनर, व्हील सिलिंडर (ड्रमच्या आत लायनर बाहेर ढकलणारा छोटा सिलिंडर) आणि ब्रेक ऑइल बदलणं मात्र शांतपणे काम करणाऱ्या माणसाला जमतं.

## टप्पा १ : जागा, वेळ आणि हत्यारं

जागा सपाट आणि पक्की हवी. सोलापुरात जुळे सोलापूर किंवा विजापूर रोडकडच्या नव्या वसाहतींमध्ये घरासमोर अजून काळी माती असते. वरून कोरडी आणि टणक दिसली तरी दीड-दोन टनांच्या गाडीखाली जॅक तिच्यात तिरका रुततो. पावसाळ्यात तर तो विचारच नको. काँक्रीट नसेल तर शेजाऱ्याचं पार्किंग मागा. पेव्हर ब्लॉक असतील तर जॅक आणि घोडी (जॅक स्टँड) यांच्याखाली जाड, रुंद फळी टाका, कारण एकट्या ब्लॉकवर वजन आलं की तो सरकतो.

उन्हाळ्यात काम सकाळी लवकर सुरू करा. एप्रिल-मेमध्ये इथे पारा चाळिशीच्या वर असतो. उन्हात तापलेल्या लोखंडाने हात भाजतो, आणि घाईत पाना घसरतो. गाडी चालवून आल्यावर किमान तासभर थंड होऊ द्या.

पैसे कुठे घालायचे याबद्दल माझं मत ठाम आहे. दोन चांगल्या लोखंडी घोड्या, म्हणजे जॅक स्टँड, विकत घ्या किंवा ओळखीच्या गॅरेजमधून मागून आणा. ब्रेकच्या निप्पलसाठी, म्हणजे ऑइल आणि हवा बाहेर काढायच्या छोट्या तोंडासाठी, त्या मापाचा रिंग पाना घ्या. साध्या उघड्या तोंडाच्या पान्याने निप्पलचे कोपरे गोल होतात, आणि मग दहा मिनिटांचं काम दिवसभर चालतं. टॉर्क रेंच, म्हणजे ठरलेल्या जोरानेच आवळणारा पाना, भाड्याने किंवा उसना चालेल. जाडी मोजायचा व्हर्नियर कॅलिपर स्वस्तातला डिजिटलही पुरतो.

बाकीचं सामान साधं आहे: सॉकेट सेट, सी क्लॅम्प, पकड, डिसमिस, तारेचा ब्रश, पॉलिश पेपर, डोळ्यांवर चष्मा, मास्क, हातमोजे, मोठी सिरिंज. ब्रेकची एअर, म्हणजे ऑइलमध्ये अडकलेली हवा, काढायला गवंडी लेव्हल बघायला वापरतात ती पारदर्शक नळी उत्तम, कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात मीटरवर मिळते. निप्पलवर घट्ट बसेल अशीच निवडा. ग्रीस दोन लागतील: पिनांसाठी ब्रेकचं सिलिकॉन ग्रीस आणि लोखंडाला लोखंड घासतं तिथे उच्च तापमानाचं ग्रीस. चाकाच्या बेअरिंगचं साधं ग्रीस इथे चालत नाही. त्याने रबर फुगतं.

पुसायला सोलापुरात टॉवेलच्या तुकड्यांची कमी नाही. हात आणि बाहेरचे भाग पुसायला ते चांगले. पण व्हील सिलिंडर, निप्पल किंवा ब्रेक ऑइलच्या टाकीजवळ ते नेऊ नका, त्यांचे धागे सुटतात. तिथे गुळगुळीत, धुतलेलं सुती कापड घ्या.

सावधान: चाकाला अडवण म्हणून वीट लावू नका. वजन आलं की ती भुगा होते. लाकडी ठोकळे वापरा.

## टप्पा २ : पहिल्या सुट्टीचं काम, फक्त तपासणी

बॉनेट उघडून ब्रेक ऑइलची टाकी बघा. पातळी खाली असली तरी आत्ता भरू नका. पॅड झिजले की पिस्टन बाहेर येतात आणि पातळी आपोआप उतरते. नवे पॅड बसवताना पिस्टन मागे गेले की तेच ऑइल वर चढतं. सर्व्हिसिंगला कुणी टाकी काठोकाठ भरून ठेवली असेल तर पिस्टन ढकलताना ऑइल बाहेर सांडतं आणि रंग उडवतं. ऑइल कोऱ्या चहासारखं दिसत असेल तर ते पूर्ण बदलायचं आहे, हे लिहून ठेवा.

आता चाक काढायचं. नट आधी चाक जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल करा. ठोकळे लावा, मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागीच जॅक लावा, घोडी लावा, वजन घोडीवर येऊ द्या आणि गाडीला हाताने जोरात हलवून बघा. हलली तर पुन्हा सुरुवात करा. काढलेलं चाक गाडीखाली आडवं सरकवून ठेवा.

सावधान: या गाड्यांमध्ये हँडब्रेक मागच्या चाकांना लागतो आणि टू-व्हील ड्राइव्हमध्ये गिअरही मागच्याच चाकांना धरतो. मागची बाजू उचलली की हँडब्रेक आणि गिअर दोन्ही निरुपयोगी होतात. तेव्हा गाडीला धरून ठेवतात ते फक्त पुढच्या चाकांचे ठोकळे. दोन्ही पुढच्या चाकांना, पुढून आणि मागून, असे चार ठोकळे लावल्याशिवाय मागचा जॅक उचलू नका.

पुढच्या चाकाजवळ आतला आणि बाहेरचा असे दोन्ही पॅड बघा. बहुतेक लोक बाहेरचाच बघतात, कारण तो सहज दिसतो. आतला बराच पातळ झाला असेल तर पिना किंवा पिस्टन अडकतोय. एकच पॅड एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला पातळ असेल तर पिन जाम आहे किंवा पॅड ब्रॅकेटमध्ये अडकलाय. डाव्या-उजव्या चाकांच्या झिजेत मोठा फरक असेल तर त्या बाजूचा कॅलिपर आणि रबरी होज (ऑइलची लवचिक नळी) दोन्ही संशयित. घासणारा थर ३ मि.मी.च्या खाली गेला की पॅड बदला. लोखंडी पाठ त्यात मोजू नका.

डिस्कची कमीत कमी जाडी बहुधा तिच्यावरच कोरलेली असते. तारेच्या ब्रशने गंज काढला की आकडा दिसतो. मोजताना बऱ्याच जणांचं चुकतं, कारण झिजलेल्या डिस्कच्या काठावर कंगोरा उरतो आणि व्हर्नियर त्यावरच टेकतो. दोन सारखी नाणी घ्या, डिस्कच्या दोन्ही बाजूंना आत एक एक धरा, नाण्यांसकट मोजा आणि नाण्यांची जाडी वजा करा. तीन-चार ठिकाणी मोजा आणि सर्वांत कमी आकडा धरा.

मागचा ड्रम हँडब्रेक सोडून काढायचा. निघत नसेल तर घणाचे घाव घालू नका. आतल्या कंगोऱ्यात लायनर अडकलेले असतात. मागच्या प्लेटवरच्या भोकातून ॲडजस्टर, म्हणजे लायनर ड्रमच्या जवळ-लांब करणारा दातेरी स्क्रू, सैल करा. बऱ्याच ड्रमवर आट्यांची दोन भोकं असतात. त्यात योग्य मापाचे बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे घट्ट करत गेलात की ड्रम स्वतःहून बाहेर सरकतो.

आत काळी भुकटी असेल. तिला फुंकर मारायची नाही, टायरवाल्याकडची हवाही मारायची नाही. जुन्या आणि स्वस्त लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. साबणाचं पाणी शिंपडून ओल्या कापडाने पुसा, मास्क लावून.

ड्रम काढल्यावर ओल दिसली तर ती कशाची आहे हे ठरवायलाच हवं, कारण दोन्हींचा इलाज वेगळा. एक थेंब वाटीभर पाण्यात टाका. मिसळून गेला तर ब्रेक ऑइल, म्हणजे व्हील सिलिंडर गळतोय. तरंगत राहिला आणि उग्र गंधकासारखा वास आला तर गिअर ऑइल, म्हणजे ॲक्सलचं ऑइल सील गेलंय. गिअर ऑइल असेल तर सील बदलण्याआधी डिफरन्शियलचा (मागच्या ॲक्सलमधल्या गिअरपेटीचा) ब्रीदर, म्हणजे हवा बाहेर जायचं छोटं तोंड, बघा. आपल्याकडची धूळ आणि पावसाळ्यातला काळा चिखल मिळून तो बंद होतो. आतली गरम हवा बाहेर पडत नाही आणि दाबाने ऑइल सीलमधून बाहेर ढकललं जातं. ब्रीदर साफ न करता नवं सील घातलं तर तेही गळणार. सील बदलायला ॲक्सल शाफ्ट बाहेर काढावा लागतो. तेवढं काम मिस्त्रीकडून करून घेणं शहाणपणाचं.

व्हील सिलिंडरच्या रबरी बुटाची, म्हणजे धूळ रोखणाऱ्या टोपणाची, कड हलकेच उचला. किंचित ओलसर चालतं, थेंब आला तर बदला. लायनर रिव्हेटचे असतील तर रिव्हेटच्या डोक्यावर किमान १ मि.मी. थर उरलेला हवा. चिकटवलेले असतील तर २ मि.मी.च्या आसपास बदलायचेच. तेल प्यायलेले लायनर कितीही जाड असोत, टाकून द्या. पेट्रोलने धुऊन ते परत चांगले होत नाहीत.

तपासा: चारही चाकांचे आकडे, होजवरच्या भेगा, गळतीच्या जागा कागदावर लिहिल्या का? प्रत्येक ड्रमचे स्प्रिंगांसकट फोटो काढले का? मग सगळं परत बसवा, पेडल चार-पाच वेळा दाबून कडक झालं का बघा, नट आवळा.

## टप्पा ३ : खरेदी

दुकानात जाताना आरसी किंवा चासी नंबर, गाडीचं वर्ष आणि शक्य झालं तर जुना पॅड घेऊन जा. नुसतं गाडीचं नाव सांगून घेतलेला पॅड कितीदा तरी बसत नाही. एकाच नावाच्या गाडीत वर्षागणिक कॅलिपर बदललेला असतो.

पॅड दोन्ही चाकांचे एकत्रच, लायनर दोन्ही ड्रमचे एकत्रच. एका बाजूचे नवे आणि दुसऱ्या बाजूचे जुने ठेवले तर गाडी ब्रेकला ओढते. सुट्या, बिनछापील पाकिटातले पॅड घेऊ नका. कंपनीच्या पाकिटावर सील, छापलेली किंमत आणि बऱ्याचदा पडताळणीचा कोड असतो, तो असेल तर दुकानातच मोबाईलवर तपासा.

बजेट कमी असेल तर कात्री कुठे लावायची? मागच्या जुन्या लोखंडी शूवर, म्हणजे लायनर ज्यावर बसतो त्या कमानीवर, नवे लायनर चढवून मिळतात. शू वाकलेला नसेल आणि काम चांगल्या माणसाचं असेल तर हा रास्त पर्याय आहे. घेताना प्रत्येक रिव्हेट पृष्ठभागाच्या खाली बसलाय का आणि लायनर व शूमध्ये फट नाही ना, हे बघा. ड्रमला चरे पडले असतील पण आत कोरलेल्या जास्तीत जास्त व्यासाच्या मर्यादेत तो असेल तर लेथवर टर्निंग करून घ्या. अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या बाजूला विचारलंत तर लेथवाला सापडतो. टर्निंगनंतरही व्यास मर्यादेत राहील याची खात्री आधी करा, दोन्ही ड्रम सारखेच करून घ्या. डिस्कचं तसं नाही. काही जुन्या गाड्यांत डिस्क हबला बोल्टने जोडलेली असते, ती काढायला बेअरिंग उघडावं लागतं. तेव्हा डिस्क मापात असेल आणि पृष्ठभाग बरा असेल तर उगाच हात लावू नका.

ऑइल धरून ठेवणाऱ्या कोणत्याही वस्तूत काटकसर नको. गळका व्हील सिलिंडर असेल तर नुसतं रबर किट टाकण्यापेक्षा पूर्ण सिलिंडर घ्या. आतली भिंत गंजाने खडबडीत झाली असेल तर नवं रबर लवकरच कापलं जातं. भेगा पडलेली होज तशीच ठेवून काम बंद करू नका. ड्रमच्या स्प्रिंगांचा सेट स्वस्त असतो, तोही घ्या.

ब्रेक ऑइल टाकीच्या झाकणावर लिहिलेलं असेल तेच. डॉट ३ कोरडं असताना २०५ अंश सेल्सिअसला उकळू शकतं आणि पाणी शोषल्यावर १४० ला. डॉट ४ चे हेच किमान आकडे २३० आणि १५५ आहेत. घाटात ब्रेक तापल्यावर पेडल अचानक पोकळ लागतं ते यामुळेच. शोषलेल्या पाण्याची वाफ होते आणि वाफ दाबली जाते. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते या दोन्हींत मिसळत नाही, ते घेऊ नका. सीलबंद बाटल्याच घ्या, त्याही लहान. उघडी बाटली हवेतलं पाणी ओढते, त्यामुळे गेल्या वर्षीची अर्धी उरलेली बाटली वापरायची नाही.

## टप्पा ४ : पुढचे पॅड

एका वेळी एकच चाक. दुसऱ्या बाजूला तोवर हात लावू नका. काही विसरलात तर बघायला एक अख्खी बाजू शिल्लक राहते, आणि एकीकडचा पिस्टन आत ढकलताना दुसरीकडचा बाहेर पडत नाही.

१. स्टिअरिंग काम करायच्या बाजूला वळवून घ्या. कॅलिपर पाण्याने ओला करून ब्रशने साफ करा. टाकीतलं थोडं ऑइल सिरिंजने काढून घ्या.

२. खालचा पिन बोल्ट काढून कॅलिपर वर फिरवा. तो पूर्ण काढावा लागला तर तारेने सस्पेन्शनला बांधा. होजवर लटकवू नका, आतून थर फाटतो आणि बाहेरून काही दिसत नाही.

३. जुने पॅड कसे निघाले त्याच क्रमाने जमिनीवर ठेवा. पातळ पत्र्याच्या शिम्स आणि क्लिपा नव्या सेटमध्ये नसतील तर जुन्याच साफ करून लावायच्या आहेत.

४. पिस्टन मागे ढकलताना निप्पलला नळी लावा, तिचं दुसरं टोक बाटलीत सोडा. निप्पल थोडं उघडा, जुना पॅड पिस्टनवर ठेवून सी क्लॅम्पने सावकाश दाबा. तळाशी पोहोचला की निप्पल आधी बंद करा, मग क्लॅम्प सोडा. त्यामुळे कॅलिपरमधलं काळं ऑइल परत वर मास्टर सिलिंडरकडे जात नाही. पिस्टन हलत नसेल किंवा त्याचा रबरी बूट फाटला असेल तर कॅलिपर ओव्हरहॉल करून घ्यावा लागेल. जोर करू नका.

५. आता पिना. सगळ्यात जास्त वेळ इथे द्या, कारण बहुतेक जण हीच पायरी गाळतात. दोन्ही पिना पूर्ण बाहेर काढा, जुनं वाळलेलं ग्रीस पुसा, गंजाचे खड्डे आहेत का बघा, आतलं भोकही साफ करा. वरची आणि खालची पिन बऱ्याचदा वेगळी असते, अदलाबदल करू नका. सिलिकॉन ग्रीसचा पातळ थर लावून परत घाला. बोटाने ढकलल्यावर पिन सहज आत-बाहेर जायला हवी. बूट नीट खाचेत बसला नाही तर एका पावसाळ्यात ती पुन्हा जाम होईल.

६. ब्रॅकेटमध्ये पॅडचे कान जिथे सरकतात तिथला गंज ब्रशने पार काढा. नवा पॅड हाताने सरकला पाहिजे, हातोडीने ठोकून बसवलेला पॅड सुटत नाही आणि सतत घासतो. कानांना आणि पाठीला उच्च तापमानाच्या ग्रीसचं नुसतं बोट. घासणाऱ्या बाजूला कशाचाही डाग नको.

७. डिस्क साबणाच्या पाण्याने धुऊन कोरडी करा. नवी डिस्क असेल तर गंज येऊ नये म्हणून लावलेलं तेल ब्रेक क्लीनरने काढा. पॅड, कॅलिपर, बोल्ट बसवा आणि मॅन्युअलमधल्या आकड्याइतके टॉर्क रेंचने आवळा.

तपासा: होज कुठे पीळ पडून राहिली आहे का? स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून बघा, ती टायरला घासता कामा नये. पेडल सावकाश दाबत कडक करा आणि मगच दुसऱ्या चाकाकडे जा.

## टप्पा ५ : मागचे ड्रम

सगळ्यात आधी हँडब्रेकची केबल पूर्ण सैल करा. हे न करता लायनर बसवणं ही या कामातली सर्वांत नेहमीची चूक आहे. केबल ताणलेली असली की नवे लायनर मुळात मागे बसतच नाहीत. मग ड्रम जात नाही, लोक लायनर घासून पातळ करतात आणि पुढचं सगळंच बिघडतं.

फोटो समोर ठेवा. डोळ्यांवर चष्मा लावा, स्प्रिंग सुटली तर थेट चेहऱ्याकडे येते. काढलेला प्रत्येक भाग जुन्या वर्तमानपत्रावर, ड्रममध्ये ज्या जागी होता त्याच जागी मांडत जा. हँडब्रेकचा लिव्हर जुन्या शूवरून नव्यावर लावायचा असतो, त्याची बारीक क्लिप जपा. पुढचा आणि मागचा शू काही गाड्यांत वेगळे असतात, लायनरची लांबी जुन्या जोडीशी लावून बघा.

व्हील सिलिंडर बदलायचा असेल तर नळीचा नट आधी सैल करा, सिलिंडरचे बोल्ट नंतर. उलट केलंत तर नळी पिळून तुटते. उघड्या नळीच्या तोंडाला स्वच्छ रबरी टोपी लावा, धूळ आत गेली तर तिला शोधून काढता येत नाही.

मागच्या प्लेटवर शू जिथे टेकून सरकतात त्या उंचवट्यांवर झिजून खाच पडलेली असते. पॉलिश पेपरने ती गुळगुळीत करा आणि उच्च तापमानाचं ग्रीस अगदी थोडं लावा. ॲडजस्टरचे आटे ब्रशने साफ करून हाताने सहज फिरतो का बघा. डाव्या आणि उजव्या बाजूचे ॲडजस्टर वेगळे असतात, एकाचे आटे उलटे. अदलाबदल झाली तर आपोआप जुळवून घेण्याऐवजी लायनर हळूहळू ड्रमपासून लांब जातात.

शू बसल्यावर हाताने दोन्ही बाजूंना हलवून मध्यावर आणा. ड्रम धुऊन, कोरडा करून घाला. ॲडजस्टर फिरवत जा, ड्रम हाताने अडेल इथपर्यंत. मग एक-दोन दात मागे घ्या, म्हणजे फिरवताना नुसता हलका घासल्याचा आवाज येईल. पेडल दाबून सोडा आणि पुन्हा तपासा. दोन्ही बाजूंचा अडथळा सारखा वाटला पाहिजे. मागच्या बाजूला दिलेला हा वेळ पेडल वर आणतो. पेडल खोल जातं म्हणून मास्टर सिलिंडर बदलून घेतलेल्या कितीतरी गाड्यांना मुळात ॲडजस्टमेंटच हवी असते.

हँडब्रेकची केबल अगदी शेवटी, मॅन्युअलमधल्या खटक्यांइतकी. केबल ताणून लायनरची फट भरून काढायची नाही.

## टप्पा ६ : ऑइल बदलणं आणि एअर काढणं

हे दोघांचं काम. एक जण पेडलवर, एक जण चाकाशी. आवाजाची भाषा आधी ठरवा: चाकाशी बसलेल्याने "दाब" म्हणायचं, पेडलवरच्याने दाबून धरून "दाबलं" म्हणायचं. निप्पल उघडून, ऑइल आलं की निप्पल बंद करायचं आणि मगच "सोड". निप्पल उघडं असताना पेडल सुटलं तर हवा परत आत ओढली जाते आणि सगळं पहिल्यापासून.

मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबचं चाक पहिलं. आपल्याकडच्या गाड्यांत तो उजव्या हाताला असतो, म्हणून मॅन्युअलमध्ये वेगळं सांगितलं नसेल तर क्रम: मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं.

जुन्या मास्टर सिलिंडरचा पिस्टन ज्या भागापर्यंत रोज जात नाही तिथे गंज आणि गाळ बसलेला असतो. पेडल एकदम फरशीपर्यंत ठोकलं तर रबर तिथे फाटू शकतं. पेडलखाली लाकडाचा तुकडा ठेवा, म्हणजे ते तळाला जाणार नाही.

या वर्गातल्या बऱ्याच गाड्यांत मागच्या ॲक्सलजवळ वजनानुसार ब्रेकचा दाब बदलणारा व्हॉल्व्ह असतो. गाडी चासीवर टेकवून ॲक्सल लोंबकळत ठेवला की व्हॉल्व्हला गाडी रिकामी वाटते आणि मागे ऑइल नीट जात नाही. मागची एअर काढताना घोड्या ॲक्सलखाली लावा किंवा चाकं जमिनीवर ठेवा. व्हॉल्व्हवर स्वतंत्र निप्पल असेल तर तेही विसरू नका.

टाकीतली पातळी दर पाच-सहा दाबांनी बघा आणि भरा. टाकी रिकामी झाली तर मास्टर सिलिंडरमध्येच हवा शिरते, आणि एबीएस असलेल्या गाडीत ती काढायला स्कॅनर लागू शकतो. नळीतून बुडबुडे नसलेलं स्वच्छ ऑइल येईपर्यंत चालू ठेवा. बाटलीत आलेलं ऑइल, कितीही स्वच्छ दिसलं तरी, परत टाकीत ओतू नका. रंगावर सांडलं तर लगेच भरपूर पाणी टाका, पुसत बसू नका.

तपासा: सगळ्या निप्पलवर रबरी टोप्या लावल्या का? इंजिन बंद ठेवून पेडल कडक आहे का? आता ते चार-पाच वेळा दाबा, दाबून धरा आणि इंजिन सुरू करा. पेडल थोडंसं खाली गेलं तर व्हॅक्युम बूस्टर, म्हणजे पेडलच्या दाबाला जोर देणारा भाग, काम करतोय. इंजिन चालू ठेवून मिनिटभर जोरात दाबून धरा, दुसऱ्याला टॉर्च घेऊन प्रत्येक जोड बघू द्या. ओल दिसली तर गाडी हलवायची नाही.

## टप्पा ७ : रस्त्यावर, सावकाश

चाकाचे नट समोरासमोरच्या क्रमाने, गाडी जमिनीवर आल्यावर शेवटचे आवळा. पहिली चाचणी गल्लीतच, चालण्याच्या वेगाने, हाताशी हँडब्रेक तयार ठेवून. गाडी सरळ थांबली तरच पुढे.

त्यानंतर पहाटेचा मोकळा रस्ता निवडा. सात रस्ता किंवा आसरा चौकाच्या गर्दीत हे करायचं नाही, आणि गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागेही नाही. ताशी ५० च्या वेगावरून १५ पर्यंत मध्यम दाबाने वेग कमी करा, पूर्ण थांबू नका, अर्धा-एक किलोमीटर मोकळं चालवून ब्रेक थंड होऊ द्या. असं आठ-दहा वेळा. गरम ब्रेकवर गाडी उभी करून पेडल दाबून ठेवू नका, पॅडचा थर डिस्कवर एकाच जागी चिकटतो आणि पुढे पेडल थरथरतं.

सुरुवातीला थोडा वास येणं स्वाभाविक आहे. एकाच चाकातून धूर, किंवा एकच चाक बाकीच्यांपेक्षा जास्त गरम, म्हणजे काहीतरी अडकलंय. उष्णता बघायला हात रिमच्या जवळ धरा, डिस्कला लावू नका. गाडी एकीकडे ओढत असेल तर पिना आणि मागची ॲडजस्टमेंट पुन्हा उघडून बघा.

पॅड आणि लायनर पूर्ण बसायला शंभर-दोनशे किलोमीटर जातात. तोवर घरची सगळी मंडळी भरून तुळजापूरचा घाट चढू-उतरू नका, पूर्ण भारही टाकू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी हलवण्याआधी चारही चाकांच्या आतल्या बाजूला आणि जमिनीवर ओल आहे का बघा, टाकीची पातळी बघा. साधारण ५० ते १०० किलोमीटरनंतर चाकांचे नट पुन्हा टॉर्क रेंचने तपासा. ५०० किलोमीटरच्या आसपास मागची ॲडजस्टमेंट एकदा पुन्हा करा, नवे लायनर तोवर ड्रमच्या आकाराला बसलेले असतात.

काढलेलं ब्रेक ऑइल गटारीत किंवा झाडाच्या मुळाशी ओतू नका. इंजिन ऑइलमध्ये न मिसळता, चिठ्ठी लावलेल्या वेगळ्या बाटलीत बंद करून वापरलेलं ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजला द्या, आणि तोवर मुलांच्या हाताला लागणार नाही अशा ठिकाणी ठेवा.